तारेतला पिंपळ

नाही नाही, जमादार साहेब, असे नका येऊ आत — म्हनजे या, या ना, पर पहिले तो कंबरेचा पट्टा सोडा. हाव, पट्टाच. बक्कल काढा त्याचं. अन् पायाले त्या पट्ट्या गुंडाळल्या ना तुमी, त्याबी सोडा, बुटाच्या नाड्याबी. असे काय पाहून राहिले माह्याकडे? मी येडा नाही, साहेब. मीच तो पुंजाराम माळी, ज्याले तुमी धुंडून राहिले. पळून जात नाही मी. कुठी जाईन? घरात लेक अडली हाये. काल दिवेलागनीपासून कळा देऊन राहिली शकुन माही, अन् लेकरू काही येत नाही. ऐका — ऐकू आलं? आता थांबली.  वरडते तवा बरं वाटते — बरं कसं वाटन बापाले, पर निदान समजते का जीव हाये.

हाव, सोडा, हळू हळू सोडा, घाई नाही. देव तुमचं भलं करो. बाजेवर नका बसू, तिची सुंबं ढिली केली सारी, खाली जासान. ओट्यावर बसा. अडलेल्या बाईच्या घरात गाठ ठेवत नाहीत, तुमच्याकडेबी हेच करत असतीन ना? तुमची माय असन, तिनं सांगतलं असन. गाठ राह्यली कुठी का तिकडे लेकराची वाट बांधली जाते. आमी सारं सोडलं. पेटीचं कुलूप काढलं, मडक्याचे फडके काढले, बायाईच्या वेन्या सोडल्या, मोटेचा नाडा सोडला. बैल पाहा ते, तिकडे संत्र्यात मोकाट चरून राहिले, यंदाचा मोसम खाऊन टाकतीन, खाऊ द्या. देवळाचे हार ओवून ठेवले होते, झेंडूचे, तेबी उसकवले, अन् माळ ओवाचा दोरा, सुताचं गुंडाळं, पाळन्याची दोरी, जे जे म्हनून बांधाचं ते सारं वावराच्या धुऱ्यापल्याड फेकून आलो. म्हनलं, घरात असलं तं चुकून कोनी गाठ मारन. अन् तुमच्या त्या पिशवीत — दोरीच हाये ना ते? माह्यासाठी आनली असन. असू द्या. गाठ नाही ना तिले? नुसतं वेटोळं? मंग असू द्या.

तुमी ज्याच्यासाठी आले ते हे पाहा. हेच. याच्यावरच हात चालून राहिला माहा तुमी आले तवापासून. हातभर उंचीचा पिंपळ, अन् उत्तमराव पाटलानं ठान्यात सांगतलं असन का पुंजाराम माळ्याच्या मळ्यात जपान्याचं झाड हाये, त्याले तांब्याची तार लावली हाये अन् त्या तारेतून तो जपानशी बोलते. हेच सांगतलं ना? सारा गाव तेच म्हनते. घ्या, हातात घ्या, कान लावा. कोन बोलन याच्यातून? पर हातात घेतलं तं लवकर द्या परत, साहेब, मले तार काढू द्या. हेच राह्यलं होतं. सारं सोडलं अन् हेच इसरलो मी. मैनाबाई — सुईन, आत हाये ते — बाहेर आली मघा हात पुसत, म्हने, पुंजारामबुवा, अजून कुठीतरी बांधलेलं हाये या घरात, धुंडा. मी म्हनलं, काही नाही राह्यलं बाई. अन् मांगे वळलो तं न्हानीच्या भितीवर हे कुंडं. सारं आंग बांधलेलं.  तवापासून पक्कड घेऊन बसलो, साहेब.

कसं आलं, ते सांगतो. सांगता सांगता काढतो. हात नाही थांबवत मी.

शकुनले डोहाळे लागले ते भलतेच. बायाईले चिंच लागते, भुईमूग लागते, हिच्या मायले मी पाह्यलं का चुलीची माती खाये. अन् हिले लागलं का अकोल्याले जपानी साहेबाचा बगीचा पाहाचा! जवाई अकोल्याले जपानी कंपनीच्या जिनात होता ना, कापूस तोलून घ्याचं काम, साधं काम, साहेब, लिहून घ्या पाहिजे तं, नुसतं तोलाचं. साहेबाच्या बंगल्यावर जाये कधी कामानं अन् घरी येऊन हिले सांगे, का तिथं इतुकली इतुकली झाडं हायेत, चिंच हाये इत्भर, तिले चिंचा लागतात बोटाएवढ्या. झालं. हिचं जेवन बंद. म्हने, मले ते पाहाचं. आता पोटुशीचा डोहाळा मोडता येत नाही, साहेब, मोडला का लेकराच्या कानाले पू येते, हे तुमालेबी ठावूक हाये. तं भादव्यात आमी दोघं बुढा-बुढी शकुनले घेऊन गेलो बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याले, नवे कपडे घालून, जसं काही जत्रेले निघालो. शकुनच्या मायनं ओटीचं सामान घेतलं संग, तांदूळ, नारळ, खन. मी म्हनलं, कायले? म्हने, साहेबाच्या बगीच्यात रिकाम्या हातानं कसं जाव? आमाले काय समजते, असल्या ठिकानी काय नेतात ते.

साहेब दारातच उभा. हिराई साहेब म्हनत त्याले. बुटका, गोरापान, चष्मा. आमाले पाहून कंबरेतून वाकला. शकुनची माय वाकली. तो पुन्हा वाकला. हे पुन्हा वाकली. जवाई म्हने, मामी, पुरे करा, नाहीतं संध्याकाळ होईन. — हासलो तवा आमी. आता हासूबी येत नाही. अन् बगीचा कसला, साहेब! मी माळी, माह्या बापानं बगीचे केले, पर असा नाही पाह्यला. फुल नाही एक. नुसती पांढरी वाळू, अन् त्या वाळूत वखरासारखे तास काढलेले, पेरलं तं काहीच नाही. मधात लाल पूल, अन् पुलाखाली पानी नाही, वाळूच! मी म्हनलं, हे कायचं पानी? तं साहेबानं हाताची लाट करून दाखवली, म्हने, हेच पानी. दगडाचा दिवा, त्यात वात नाही. मले वाटलं, या मानसाले अकोल्याचं ऊन लागलं. अन् मंग मांगच्या पडवीत नेलं, जिथं वाळ्याच्या ताट्या भिजवून लावल्या होत्या, अन् फळीवर ते झाडं. उंबर. चिंच. एक त्याच्या देशाचं होतं आगबोटीनं आनलेलं, ते मरून राहिलं होतं, त्याच्यावर ओलं फडकं होतं, जसं तापाच्या मानसाच्या कपाळावर ठेवतात. मी इचारलं, वाढत कसे नाहीत? तं त्यानं कुंडं उपटून मुळ्याच दाखवल्या. कापलेल्या. अन् मी हासलो, म्हनलं, हे तं आमीबी करतो! संत्र्याच्या मुळ्या उघड्या करतो, पानी तोडतो, झाडाले ताण देतो, तवा कुठी बहार येते. जवाईनं त्याले समजावून सांगतलं तं त्यानं माहा हात धरला दोन्ही हातानं. दोघंबी झाडाले तरास देनारे निघालो ना. त्याले मी म्हनलं, तुमी या आमच्या मळ्यात संत्रा पाहाले. — हाव, मीच म्हनलं. लिहून घ्या. तवा जपानशी लढाई कुठी होती?

अन् शकुनच्या मायचं तोंड तवाच उतरलं होतं. मले बाजूले घेऊन म्हने, अवो, पोटुशी पोरगी, अन् तुमी तिले हे बुटके झाडं दाखोले आनली! बाई जे पाहाते तेच पोटात उतरते. तिनं पोरीच्या डोळ्यावर पदर ओढला. पोरीनं तो सारला. ते त्या पिंपळापाशी खिळून राह्यली होती, हाच पिंपळ, तवाबी तारेतच होता. हा आपल्याच इकडचा, साहेब. जिनाच्या भितीत उगवला होता, अन् भित तडकून राहिली होती, पर एक मजूर हात लावे ना, पिंपळ कोन उपटन? तं त्या हिराई साहेबानं सोता चढून उपटला. सारे मजूर खाली हात जोडून उभे, म्हने, आता हा साहेब मरते. नाही मेला. कुंड्यात लावला त्यानं. अन् शकुन त्याच्या पानाले बोट लावून उभी. नखाएवढं पान, पर पिंपळाचंच, तेच टोक.

तं निंघता निंघता शकुनच्या मायनं काय केलं, का साहेबाच्या घरात बाईमानूस नाही म्हनून ते ओटीचं सामान साहेबापुढेच ठेवलं. त्याले काय समजन! त्यानं जवाईले इचारलं, हे कायले? जवाई म्हने, पोट असलेल्या बाईची ओटी भरतात. तं तो आत गेला, हे कुंडं घेऊन आला, वाकला, अन् शकुननं पदर पसरला त्याच्यात ठेवलं. ओटीत! आमी दोघं पाहातच राह्यलो. आता ओटीत पडलेलं परत कसं कराव? फेकाव तं कसं? अन् पिंपळ, साहेब, घरात लावत नाहीत, तोडत नाहीत, हे दोन्हीबी. त्यानं तोंडानं सांगतलं, तार अशीच राहू द्या, फांदी वळन शिकून राहिली, संक्रांतीच्या आंगोदर मी येतो, संत्राबी पाहातो अन् तारबी काढतो. राह्यली का झाडात रुतते म्हने. मी येतो, असं म्हनला.

अन् मार्गशीर्षात जपानशी लढाई लागली अन् सरकारनं नेलं त्याले. तुमाले सारं ठावूक हाये, मी काय सांगू. लारीत बसवलं, एक थैली संग. बंगल्याचं फाटक उघडं राह्यलं अन् रस्त्यावरच्या शेळ्याईनं तो बगीचा दोन दिवसात खाऊन टाकला, चिंचबी, उंबरबी. हे मले जवाईनं — कोनीतरी सांगतलं. संक्रांत गेली. कोन येते तार काढाले? मीच बसलो एक दिवस पक्कड घेऊन. जरासी ओढली तं साल निघाली, अन् दूध आलं. पांढरं दूध, पिंपळाले येते ना, तसं. मी पक्कड फेकली. घरात पोटुशी पोर अन् मी पिंपळाचं दूध काढून राहिलो! भेव वाटलं. आज पाहा कशी रुतली. सालीनं तार गिळून टाकली. हे खालचं निंघालं सारं, पाहा, हे तुकडे. एवढी एक फांदी राह्यली, हे वरची.

— वरडली. ऐकलं? आवाज बारीक झाला ना? मले बारीक वाटला. तुमाले? बोला ना, साहेब. नका बोलू. बसा.

दवाखान्यात काहून नाही नेलं, असं म्हनून राहिले ना मनात? तुमच्या डोळ्यातच दिसते. अमरावती हे इथं, लेडी डाक्टरीनबाई हाये, चांगली हाये म्हनतात. गाडी जुपली होती मी काल. जुपून सोडली. दवाखान्यात पहिले नवऱ्याचं नाव इचारतात, साहेब. नाव काय, काम काय, कुठी हाये. काय सांगन पोरगी? तिच्या मायनं म्हनलं, नाव सांगतलं का मांगोमांग येतीन ते. म्हनून — म्हनून नाही नेलं. मैनाबाईनं अख्ख्या पंचक्रोशीची लेकरं काढली, म्हनलं हेबी काढन. माही चूक झाली का? असन. मले काल जे समजलं ते मी केलं. जवाई इथं नाहीच ना, साहेब, तो दर्यापूरले गेला आपल्या लोकाईत, संक्रांतीपासून तिकडेच हाये, मी काय सांगू नवरा कुठी हाये म्हनून? काही ठावूकच नाही आमाले.

निघत नाही हे. चाकू लागन. कलमाचा चाकू — हा घ्या, मी नाही लावत पिंपळाले चाकू. नाही, राहू द्या, तुमी तरी कायले पाप घेता. पकडीनंच पाहातो. मी काहीच बांधलेलं ठेवलं नाही, साहेब, देवाची आन. सोडाचं म्हनजे सोडलंच. देवाऱ्यातल्या मूर्तीच्या गळ्यातला दोरा काढला. माह्या गळ्यातली माळ काढली, तिसऐक वर्साची. जवाईचा करगोटा माह्या हातानं तोडला आज सकाळी, तो येडा रडून राहिला, म्हने, मामा, अजून काही असन तं सांगा, कातडं सोलून देतो —

काय?

काय म्हनलो मी?

नाही. आज नाही. मांगच्या — उठू नका. साहेब, उठू नका, पाया पडतो. बसा. त्यानं काही केलं नाही. कापूस तोलला त्यानं, दुसरं काहीच नाही. त्याच्या संगच्या दोघाईले इचाराले म्हनून नेलं ते अजून घरी नाही आले, म्हनून भ्याला. पोरगाच हाये. बायकोचं पोट वाढून राहिलं, कोन जाईन अशात? झोपडीत — कोनती झोपडी, मी झोपडी नाही म्हनलं. पाहू नका तिकडे. अरे देवा. माहं तोंड हाये का काय हाये! सारं सोडा सोडा करता करता तोंडबी सुटलं माहं.

ऐका, एवढं ऐका माहं. तुमी माह्यासाठी नाहीच आले ना? झाडासाठीबी नाही. त्याच्यासाठीच आले. म्हनूनच काही बोलत नाही तवापासून, अन् मी मूर्खासारखा बोलून राहिलो. ठीक. तो कुठी जात नाही, मीबी जात नाही. पर आता नका बांधू कोनाले. या घरात, या घडीले गाठ नका मारू, साहेब. तुमाले दोरी काढाची ना, तं थांबा, लेकरू येऊ द्या, नाहीतं — नाहीतं काय व्हाचं ते होऊ द्या, पर आंगोदर नको. तुमाले लेकरं असतीन. तुमची बायको अडली असन कधी. पट्टा सोडला तुमी, नाड्या सोडल्या, कोन पोलीस सोडते? तुमाले ठावूक होतं म्हनून सोडल्या. बसा. बसले ना? बसले. बसून राहा.

हे पाहा, एवढाच येढा राह्यला. आत रुतला. फांदी मोडल्याबिगर निंघत नाही. माह्या हातून मोडत नाही, साहेब, पिंपळ हाये, साऱ्या जल्मात पिंपळाची काडी नाही मोडली मी. हिराई साहेब असता तं त्यानं कशी काढली असती, कोन जाने, त्याच्या बोटात काय होतं. कुठी असन तो? त्याच्या हातालेबी कोनी बांधलं असन. — मैनाबाई! मैनाबाई, काय झालं? आवाज काहून बंद झाला? मैनाबाई!



मोडतो. मोडतो, माफ कर रे बाप्पा, माह्या आंगावर येऊ दे, तिच्या नको. — मोडली. हे पाहा, तारेसकट. किती दूध आलं, सारा हात भरला. आता नाही काही. आता या घरात एकबी गाठ नाही, साहेब, कुठीच नाही. आता तरी —

ऐकलं?

साहेब, ऐकलं ना तुमी? का मलेच ऐकू आलं? — रडलं. रडून राहिलं! मैनाबाई, जित्तं हाये का? जित्तं हाये म्हनते. अन् शकुन? शकुन बोलते का?... पानी मागून राहिली. पानी मागते माही पोर. मी पोट्टा का पोट्टी तेबी नाही इचारलं. राहू द्या.  तुमी उठले. हाव, उठा. आता उठा. म्हनलं होतं तसं मी थांबवलं तुमाले, आता नाही थांबवत. पट्टा बांधा, बक्कल लावा.

थांबा, काय म्हनून राहिली ते? दोरा? नाळ बांधाले दोरा? कुठून आनू बाई दोरा, साऱ्या घरात — साहेब. साहेब, तुमची पिशवी. काढा ते दोरी. हाव, तेच, आमच्यासाठी आनली ते. तिचा एक पदर उसकवून द्या, लवकर, मैनाबाई उकळून घेईन. तो पाहा, तो आलाच झोपडीतून, आपल्या पायानं येऊन राहिला, पळत नाही. द्या तो पदर. पहिली गाठ त्या लेकराची पडू द्या. मंग हे माहे हात अन् हे त्याचे. उरलेली पुरन आमाले.